गुरूची ओढ

आमचे वडील सोलापूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे आणि शाळेतून घरी आले की पुन्हा गणितच घेऊन बसायचे. कुणाचे वडील पत्ते कुटतात, कुणाचे भजनाला जातात. आमच्या आण्णांना लघुग्रहांचा नाद होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात तेव्हा माहीत असलेले हजाराच्या वर लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतला एक आण्णांनी आपला मानला होता. पुढच्या काही वर्षांत तो कुठे कुठे असेल हे त्यांना कागदावर काढायचं होतं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कुणाला काही पडलेलंही नव्हतं. दुर्बीण घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे तो दगड त्यांनी जन्मात पाहिला नाही. आई म्हणायची, "न बघितलेल्या पाव्हण्याची एवढी सरबराई मी कुटं बघितली न्हाय."

नुसता सूर्य असता तर हे गणित सोपं होतं. दगडाची वाट एकदा काढली की कायमची निघाली. पण बाहेरच्या अंगाला गुरू आहे. बाकीचे सगळे ग्रह एकत्र केले तरी त्याच्या वजनाला पुरत नाहीत. तो लांबूनच दगडाला ओढतो आणि वाट थोडी सरकवतो. मग सरकलेल्या वाटेवर दगड वेगळ्या जागी जातो, तिथे गुरूची ओढ वेगळी पडते, आणि पुन्हा सगळं मांडायचं. असं लहान लहान पावलांनी पुढे जायचं. एवढे गुणाकार हातानं होत नाहीत म्हणून लॉगची कोष्टकं लागायची. कोष्टकातले आकडे माझी थोरली बहीण वाचून दाखवायची आणि आण्णा लिहून घ्यायचे. आम्ही दोघीच बहिणी; मी तिला आक्का म्हणायचे. तिचा आकडा कधी चुकायचा नाही. मला ते काम दिलं की माझी ओळ चुकायची. मग आण्णा न रागावता कोष्टक माझ्या हातून काढून आक्काच्या हातात द्यायचे. ते न रागावणंच मला जास्त झोंबायचं.

एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. आम्ही विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. शेजारी सगळी तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं. दिवसभर हातमागांची खटखट चालायची, इतकी की माग थांबले तरच लक्ष जायचं. मधलं अंगण सगळ्यांचं मिळून होतं आणि त्यात एक जुना कडुलिंब होता.

आण्णांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, करमाळ्याजवळच्या गावी शेती करायचे. आजा-आजी आण्णांच्या लहानपणीच गेले होते. तात्यांनी मिसरूड फुटायच्या आत औत हाती धरलं आणि धाकट्या भावाला शाळेत घातलं. आधी करमाळ्याला, मग सोलापूरला. पिठाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ते जेऊर स्टेशनापर्यंत चालत यायचे आणि गाडीनं सोलापूरला आणून पोचवायचे. स्वतः मात्र सहीपलीकडे शिकले नाहीत. आण्णा जे काही होते ते तात्यांमुळे होते. आण्णा हे कधी विसरले नाहीत, आणि ते विसरणार नाहीत हे तात्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, शेतातली कामं थंडावली की, तात्या आमच्याकडे यायचे. येताना ज्वारी, शेंगा, कधी लिंबाएवढे गावठी आंबे. आठ-दहा दिवस राहायचे आणि जायच्या आधी आण्णांना एखादी गोष्ट सांगून जायचे. एका सुट्टीत म्हणाले, पोरगी उफाड्याची झाली, आता परकर पुरं. आक्का लुगडं नेसायला लागली. दुसऱ्या सुट्टीत म्हणाले, पोरांच्या बरूबर शाळेत बसती हे गावात बरं दिसत न्हाय. आक्काला मुलींच्या शाळेत घातलं, तिथे गणिताला धड शिक्षक नव्हता. एकदा म्हणाले, एकटी रस्त्यानं कशाला जाती? तेव्हापासून मला तिच्याबरोबर शेपटासारखं जावं लागायचं. यातली एकही गोष्ट एवढी मोठी नव्हती की तिच्यासाठी आण्णांनी थोरल्या भावाचा शब्द मोडावा. तात्या कधी आवाज चढवत नसत. ते बोलायचे आणि आण्णा मान डोलवायचे, एवढंच.

आक्का सोळा वर्षांची, मी बारा. पुढच्या वर्षी तिची मॅट्रिक होती. मॅट्रिक झाली की पुण्याला कॉलेजात जाऊन गणितच शिकायचं, असं तिनं आण्णांना सांगून टाकलं होतं आणि आण्णांनी तिला शब्द दिला होता. आमच्या घराण्यात तोवर कुठलीही मुलगी पुण्याला देवदर्शनापलीकडे कशाला गेली नव्हती. आण्णांच्या त्या शब्दाबद्दल तात्यांना कुणी काही बोललं नव्हतं. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

त्या मे महिन्यात तात्या आले तेव्हा आण्णा ओसरीवर ज्वारीचे दाणे मांडत बसले होते. खडूनं एक लांब रेघ ओढली होती. एका टोकाला मंगळ, दुसऱ्याला गुरू. मधे एकेका लघुग्रहाच्या नावानं एकेक दाणा, सूर्यापासूनच्या त्याच्या सरासरी अंतराप्रमाणे. तात्यांनी डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला आणि ओळीकडे शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले. भावाला ते कौतुकानं मास्तरच म्हणायचे. "पेरणी चुकली की तुजी. नांगं पडल्यात."

पेरलेल्या ओळीत जिथे बी उगवत नाही आणि मोकळी जागा राहते, तिला आमच्याकडे नांगा म्हणतात. आण्णांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले. शाळेत वर्षानुवर्षं सांगूनही पोरांना जे दिसत नव्हतं ते तात्यांनी बसल्या बसल्या पाहिलं होतं. दाण्यांच्या गर्दीत खरोखरच दोन-तीन ठिकाणी रान मोकळं होतं.

"पेरणी बराबर हाय, दादा. नांगं गुरूनं पाडल्यात."

"कोन गुरू? बेस्तरवारचा?"

"व्हय, त्योच."

"त्यो तर लई चांगला गिरह. त्यो कशाला कुनाचं रान मोडंल?"

मग आण्णांनी आम्हाला अंगणात नेलं. कडुलिंब म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती चुलीतली राख टाकून त्यांनी दोन वर्तुळं काढली, एक आतलं, एक बाहेरचं. बाहेरच्या राखेवरून तात्यांनी सावकाश चालायचं, कारण ते गुरू. आतल्या राखेवरून मी पळायचं, कारण मी दगड. तात्यांची एक फेरी होईतो माझ्या बरोबर दोन फेऱ्या व्हायला हव्या होत्या. आणि मी त्यांच्या शेजारून जाईन तेव्हा त्यांनी माझा हात धरून आपल्याकडे हलकेच ओढायचं, जोरात नाही.

तात्या चालायला लागले. भरदार अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस लिंबाभोवती फेऱ्या घालतोय हे पाहून माग थांबवून शेजारचे बाहेर आले. कुणी हसलं की तात्या आणखीच गंभीर चेहरा करायचे. दर खेपेला आमची गाठ आमच्या उंबऱ्यासमोरच पडायची. दुसरीकडे पडणं शक्यच नव्हतं, कारण हिशेब तसा होता. दर खेपेला एक हलकी ओढ, त्याच जागी, त्याच दिशेला. थोड्याच फेऱ्यांत मी राखेवरून घसरून बाहेर धावायला लागले. माझं गोल वर्तुळ लांबट झालं होतं. मग आण्णांनी मला जरा हळू पळायला सांगितलं. आता गाठ एकदा उंबऱ्याशी पडे, एकदा हौदाशी, एकदा लिंबाच्या पलीकडे. ओढ तेवढीच होती, पण एकीनं सरकवलं की दुसरी सावरून घ्यायची, आणि मी राखेवरच राहिले.

"लेका मास्तर," तात्या धापा टाकत म्हणाले, "म्हाताऱ्याला घान्याला जुपलंस की."

सगळे हसले. आक्का हसली नाही. ती खांबाला टेकून उभी होती. "म्हणजे आण्णा," ती म्हणाली, "ओढ मोठी असावीच लागत नाही. ती दर वेळी त्याच जागी पडली की झालं."

"तेवढंच," आण्णा म्हणाले. "त्यानं रान पुरतं मोकळं कसं होतं ते अजून मोठमोठ्यांनाही नीट उलगडलेलं नाही. पण ज्याची फेरी गुरूच्या फेरीच्या निम्म्यात किंवा तिसऱ्या हिश्शात होते, त्याच्या जागी नांगा आहे."

"आणि गुरूच्या जवळचे? ते वाचतच नाहीत?"

"वाचतात की. काही तर त्याच्याच वाटेवर आहेत. पण बेतानं अंतर राखून, काही त्याच्या पुढं आणि काही मागं. ते सुखी आहेत."

"त्यातलीच मी," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. तिला वाटलं कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर तात्यांनी विषय काढला. माढ्याकडचं स्थळ होतं. बारमाही विहीर, माणसं सालस, मुलगा निर्व्यसनी. गावच्या जोशाला आक्काची पत्रिका दाखवून झाली होती. मुलीच्या लग्नाला गुरुबळ लागतं. तिच्या राशीपासून गुरू कितव्या राशीत आहे त्यावर ते ठरतं. आक्काची रास तूळ. गुरू मेषेत होता, म्हणजे सातवा, उत्तम. पण थोड्याच दिवसांत तो वृषभेत जाणार होता. मग आठवा. आठव्या गुरूत मुलीचं लग्न करायला कुणी धजत नाही. म्हणून त्याच लग्नसराईत कार्य उरकायचं, असं तात्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आण्णा खाली मान घालून बसले. मी आक्काकडे पाहिलं. ती ताटं घासत होती आणि एकच ताट पुन्हा पुन्हा घासत होती. तिची मॅट्रिक, पुणं, गणित, सगळं त्या क्षणी आण्णांच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दावर होतं. आणि भावाला 'नाही' म्हणायची आण्णांना सवयच नव्हती.

अचानक आण्णांनी मान वर केली. त्यांना वाट सापडली होती. त्या काळी आमच्याकडे दोन पंचांगं चालायची, जुनं आणि सुधारलेलं. राशींची सुरुवात आकाशात नेमकी कुठून धरायची यावर दोघांचं पटत नव्हतं. फरक थोड्या अंशांचाच, पण गुरू हळू चालतो, त्यामुळे त्यानं रास कधी बदलली यात काही आठवड्यांचं अंतर पडायचं. जोशाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे मुहूर्ताला गुरू मेषेतच होता. सुधारलेल्याप्रमाणे तो तोवर वृषभेत गेलेला असणार होता.

"दादा," आण्णा म्हणाले, "शुद्ध पंचांग बघितलं तर गुरुबळ न्हाय. गुरू आठवा हुतोय."

 तात्या म्हणाले, "तू आभाळातलं शिकल्याला मानूस. तुला म्हाईत. पोरीच्या जिवाशी खेळ नगो." आणि गावी जाऊन त्यांनी त्या माणसांना थांबायला सांगितलं.

आम्ही हुश्श केलं. आईनं शेंगांच्या पोळ्या केल्या. आण्णा अगदी पोरासारखे खुशीत होते. ज्या गुरूनं त्यांच्या दगडाचं गणित बिघडवलं होतं त्यालाच त्यांनी कामाला लावलं होतं.  आक्का मात्र पोळी पुढ्यात तशीच ठेवून म्हणाली, "आण्णा, तुम्ही गुरुबळाला हो म्हणालात."

"मी कुठं हो म्हणालो? नाहीच म्हणालो की."

"गुरुबळ नाही म्हणून लग्न नाही, असं म्हणालात. पुढच्या वर्षी गुरू मिथुनेत. नववा. मग काय सांगाल?"

आण्णांचा चेहरा उतरला. "तोवर बघू," एवढंच ते म्हणाले.

मला आजही त्या क्षणाचा राग येतो. जो माणूस मुळात राशी-बिशी मानतच नव्हता, त्यानं खऱ्या कारणावर राशीचं पांघरूण घातलं. अडाणी माणसाला ही युक्ती सुचलीच नसती. तो सरळ भांडला असता, नाहीतर सरळ झुकला असता. दोन पंचांगांमधल्या फटीत शिरून बसायची अक्कल फक्त आमच्या आण्णांसारख्याला असते, आणि तिथून बाहेर कसं यायचं हे तेवढं त्याला कळत नाही.

वर्ष गेलं. आक्का अभ्यासाला जुंपली. मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली आणि पेपर चांगले गेले म्हणून सांगितलं. आण्णा दगडाचं गणित करत होते, पण मधेच हात थांबायचा आणि ते दाराकडे बघायचे. मे महिना कुणाला थांबवता येत नाही. तात्या आले.

या खेपेला त्यांनी पाणीसुद्धा आधी मागितलं नाही. पिशवीतून एक कोरं पंचांग काढलं आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवलं. ते सुधारलेलं पंचांग होतं.

"तुजंच हाय," ते म्हणाले. "बाजारात हिंडून हिंडून मिळवलं, दुसऱ्याकडनं वाचून घेतलं. आमच्या जोशाच्या पंचांगात गुरू अजून वृषभेतच हाय. त्यो म्हनला, थांबा. पर म्या म्हनलं, न्हाय, माजा भाऊ ज्ये मानतो त्ये खरं. तुज्या पंचांगात गुरू मिथुनेला आलाय. नववा. लई चांगलं गुरुबळ हाय बग. ती मानसं सालभर थांबल्यात, मास्तर. माज्या शबदावर."

तात्यांवर मी वर्षभर मनातून दात धरून होते. पण ते बोलले तेव्हा माझा राग टिकला नाही. जन्मभर ज्या पंचांगावर त्यांनी पेरण्या केल्या, लग्नं लावली, बापाचे दिवस घातले, ते त्यांनी भावाच्या शब्दाखातर बाजूला ठेवलं होतं. आणि भावाच्या शब्दात काही नव्हतं.

आण्णांनी पंचांग उघडलं नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. आक्का आतल्या दारात उभी होती. तिनं नजर वळवली नाही. बाहेर माग चालू होते.

"दादा," आण्णा म्हणाले, "गुरुबळ असलं तरी न्हाय."

"मंजी?"

"पोरीला पुण्याला शिकायला धाडायची हाय. गेल्या साली बी त्येच कारन हुतं. तुमच्यापुढं तोंड उघडंना, म्हनून पंचांग फुडं केलं. मी गुरुबळ मानत न्हाय, दादा."

तात्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त हात मांडीवरून खाली आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शिकवायची हाय, असं म्हनला असतास," ते हळू म्हणाले, "तर म्या काय तुला खाल्लं असतं? तुला म्या शिकवला न्हाय? एक रेघ वाचाय येत न्हाय मला, म्हनून पंचांगाचा खेळ केलास माज्यासंगं. सालभर दुसऱ्याच्या दारात शबुद टाकून बसलो म्या."

आण्णा उठून त्यांच्या पायांशी गेले. तात्यांनी पाय आखडून घेतले. आईनं ताट वाढून आणलं होतं, ते तिच्या हातातच राहिलं. तात्यांनी पटका बांधला, रिकामी पिशवी खांद्यावर टाकली आणि भर उन्हात स्टेशनाकडे चालू लागले. आण्णा गल्लीच्या टोकापर्यंत मागून गेले, तिथे थांबले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

आधीच सांगितलं असतं तर तात्यांनी होकार दिला असता का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला नाही वाटत. ते नाहीच म्हणाले असते, आणि गोड बोलून, हळूहळू, आण्णांना आपल्या बाजूला वळवलं असतं. पण ते मला वाटतं म्हणून. त्यांना विचारायची संधी आण्णांनी ठेवलीच नाही, आणि आण्णांना तेच खात होतं. दगडाचं गणित त्यांनी फडताळात ठेवून दिलं. आक्का एकदा कोष्टक घेऊन जवळ बसली तर म्हणाले, आज नको.

जूनमध्ये निकाल लागला. आक्का चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला पोचवायला आण्णा निघाले आणि मी हट्ट करून बरोबर गेले. सकाळची गाडी होती. आक्का नवं लुगडं नेसली होती आणि ती खिडकीशी ताठ बसली होती. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. तिथून सुटली तसे आण्णा अस्वस्थ झाले. टोपी काढली, घातली, उपरणं सारखं केलं. पुढे केम, आणि मग जेऊर. जेऊर म्हणजे आमच्या गावचं स्टेशन.

फलाटाच्या टोकाला, सावली सोडून उन्हातच, तात्या उभे होते. आम्ही त्या गाडीनं जाणार हे त्यांना कुणी कळवलं ते मला आजही ठाऊक नाही. आईनं कुणाकरवी निरोप धाडला असावा. माणूस महिन्याभरात एवढा उतरतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, पटका डोक्याला मोठा झाल्यासारखा दिसत होता. गुरू दगडाला जितक्या जोरानं ओढतो तितक्याच जोरानं दगडही गुरूला ओढत असतो, हे मी पुढे शिकले. गुरू एवढा प्रचंड की त्याचं सरकणं कुणाच्या हिशेबात येत नाही. आम्हीही आजवर तात्यांनी आम्हाला काय केलं तेवढंच मोजत आलो होतो.

आण्णा गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि धावत जाऊन वाकले. तात्या एक पाऊल मागे सरले. आण्णांचे हात फलाटाच्या मातीला लागले. तात्या त्यांना वळसा घालून आमच्या खिडकीशी आले आणि काखेतली नवीकोरी घोंगडी त्यांनी गजांमधून आत ढकलली.

"पुण्याला थंडी लई असती म्हंत्यात," ते आक्काला म्हणाले. "अंगावर घेत जा."

आक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला.  आण्णा उठून मागे येऊन उभे राहिले होते. दोघा भावांच्या मधे हातभर अंतर होतं. तात्यांनी तिकडे पाहिलं नाही. आक्काकडेच बघत ते म्हणाले, "तुज्या बापाला म्हनावं, जेवत जा. लई वाळलाय."

आक्कानं आण्णांकडे पाहिलं.  तेही तिच्याकडेच बघत म्हणाले, "म्हनावं, तुमी बी."

गार्डानं शिट्टी दिली. आण्णा चढले आणि गाडी हलली. तात्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आक्काच्या पदवीला पेढे घेऊन आले, माझ्याही वेळी आले, आजारपणात आमच्याकडे येऊन राहिले. आण्णांनी त्यांचे पाय चेपले, त्यांना स्वतःच्या हातानं पेज पाजली. पण त्या दिवसापासून शेवटपर्यंत ते दोघे भाऊ एकमेकांशी जे बोलले ते आम्हा मुलींना सांगून बोलले. समोरासमोर एक शब्दही नाही.